न उमगणारे शब्द आणि अनाम देह : बीभत्साच्या नैतिकतेविषयी

१

कलाकृतीतील हिंसेचा नैतिक विचार बहुधा एका गृहीतावर उभा असतो. कलाकृती काही सांगते, आणि जे सांगितले जाते ते वाचकाला अथवा श्रोत्याला कळते, हे ते गृहीत होय. कादंबरीतील खून, रंगभूमीवरील अत्याचार, चित्रपटातील रक्तपात यांविषयी आजवर झालेले वाद या गृहीतावाचून संभवतच नाहीत. परंतु एखादी कृती आपले शब्द उच्चारते आणि त्याच उच्चाराने ते पुसून टाकते, असे असेल तर काय करावयाचे? शब्द हिंसेचे आहेत हे कागदावरून कळते. कानाला मात्र ते शब्द म्हणून भेटत नाहीत. अशा कृतीला नैतिक दृष्ट्या जबाबदार धरता येते काय, आणि धरावयाचे तर कशासाठी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न कल्पनेतून निर्माण केलेला नाही. 'ब्रूटल डेथ मेटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रकाराने तो प्रत्यक्षात उभा केला आहे. अमेरिकेत १९८०नंतरच्या दशकाच्या मध्यास 'डेथ मेटल' आकाराला आले. पझेस्ड या बँडची 'सेव्हन चर्चेस' (१९८५) आणि डेथ या बँडची 'स्क्रीम ब्लडी गोर' (१९८७) या त्याच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका मानल्या जातात. त्याचेच अधिक दाट, अधिक वेगवान आणि आवाजाच्या दृष्टीने अधिक दुर्बोध असे जे रूप पुढे सिद्ध झाले, त्याचा पाया घालणाऱ्यांत न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंडवरील सफोकेशन या बँडची गणना होते. 'एफिजी ऑफ द फरगॉटन' ही या बँडची पहिली पूर्ण लांबीची ध्वनिमुद्रिका १९९१ साली रोडरनर रेकॉर्ड्सने प्रकाशित केली. फ्लॉरिडा राज्यातील टँपा येथील मॉरिसाउंड स्टुडिओत, स्कॉट बर्न्स यांच्या निर्मितीखाली ती मुद्रित झाली. आवाज फ्रँक मलन यांचा, गिटार टेरन्स हॉब्ज व डग सेरिटो यांच्या, बास गिटार जॉश बॅरोन यांची आणि ड्रम माइक स्मिथ यांचे. मुखपृष्ठ डॅन सीग्रेव्ह या चित्रकाराचे. रचना नऊ, अवधी सुमारे ३७ मिनिटांचा. या संगीताच्या लहानशा वर्तुळात ती आदरणीय ठरली असली, तरी त्या वर्तुळाबाहेर तिचे नावही फारसे कोणाला ठाऊक नाही. साहित्यविचाराने तिची दखल घेण्याचे कारण तिची कीर्ती नसून तिने उभी केलेली अडचण हे आहे.

२

प्रथम या ध्वनिमुद्रिकेत कानाला काय भेटते ते पाहणे इष्ट ठरेल. गिटारींच्या तारा नेहमीच्या स्वरापेक्षा खाली उतरवलेल्या आहेत. त्यामुळे स्वराची धार जाऊन त्याला एक प्रकारचे वजन येते. ड्रमचा आघात इतका जलद की तो मोजण्यापलीकडे जाऊन एका सलग कंपासारखा भासतो. या वादनरीतीला 'ब्लास्ट बीट' म्हणतात. एकाच रचनेत लहानलहान गिटारखंड एकामागून एक येतात आणि गती वारंवार बदलते. अतिवेगाच्या पाठोपाठ एकाएकी संथ, जड पावलांची लय येते. 'लीज ऑफ इनव्हेरासिटी' या पहिल्याच रचनेतील असा संथ खंड पुढील अनेक बँडांनी आदर्श म्हणून स्वीकारला, आणि त्यातूनच 'स्लॅम' नावाचा उपप्रकार वाढला, असे या संगीताचे जाणकार मानतात. अनभ्यस्त कानाला हा सारा गोंधळ वाटतो. वस्तुतः येथे काटेकोर रचना आहे, आणि तिला दीर्घ सरावाची शिस्त लागते. मर्ढेकरांनी लयीची जी तत्त्वे सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, ती या ध्वनिरचनेला लावून पाहिल्यास विरोध हे येथील प्रधान तत्त्व आहे आणि समतोल हा संथ खंडांकडून साधला जातो, असे म्हणता येईल.

आवाजाचा प्रश्न याहून वेगळा आहे. हा आवाज गळ्यातून खोल काढलेला, गुरगुरणारा असतो. नेहमीच्या गायनात स्वरतंतूंचे कंपन प्रधान असते. येथे त्यांच्या वर असलेल्या मिथ्या स्वरतंतूंचाही वापर होतो. परिणामी स्वराची उंची नाहीशी होते, व्यंजने झिजतात आणि उरतो तो श्वासाच्या दाबाचा व शब्दावयवांच्या संख्येचा आराखडा. शब्द आहेत याची खूण पटते. ते कोणते आहेत याची पटत नाही. या प्रकारच्या ध्वनिमुद्रिकांसोबत गीतांचे शब्द बहुधा छापून दिलेले असतात. तो कागद हाती असेल तर त्या आराखड्यात शब्द ओळखू येऊ लागतात. कागद नसेल तर इंग्रजी मातृभाषा असलेला श्रोता आणि इंग्रजीचे अक्षरही न जाणणारा श्रोता यांच्यात फारसे अंतर राहत नाही. या ध्वनिमुद्रिकेतील 'रीइन्क्रिमेशन' आणि 'मास ऑब्लिटरेशन' या दोन रचनांत जॉर्ज फिशर या दुसऱ्या गायकाचाही आवाज आहे. परंतु एक व्यक्ती कोठे थांबली आणि दुसरी कोठे सुरू झाली, हे अनभ्यस्त श्रोत्याला सांगता येणे कठीण. शब्दाबरोबर व्यक्तीही येथे पुसली गेली आहे.

कागद हाती नसलेल्या श्रोत्यापर्यंत भाषा म्हणून जे निश्चित पोचते, ते म्हणजे शीर्षके. असत्याचा अधिपती, विस्मृतांची प्रतिमा, भूमिगत थडग्यांत संसर्ग, यातनेची बीजे, सवयीची कुकीर्ती, पुनर्दहन, सामूहिक विनाश, अनैच्छिक कत्तल, आणि अखेरीस बायबलमधील एका अतिलघु वचनाचे शीर्षक असलेली 'जीझस वेप्ट' ही रचना, असा हा क्रम आहे. शीर्षकांची भाषा बोलीची नाही. लॅटिनमूलक, अवजड, काहीशी ग्रांथिक अशी ही शब्दकळा आहे. वैद्यक आणि धर्मशास्त्र यांच्या कोशांतून शब्द उचलावेत तसे ते उचललेले दिसतात. नैतिक विचाराला आधार हवा असेल तर तो या दोन गोष्टींच्या नात्यात शोधावा लागेल : शब्द पुसणारा आवाज, आणि मृत्यूचे नाव घेणारे शीर्षक.

३

न ऐकू येणाऱ्या शब्दांचा प्रश्न अमेरिकेत एकदा न्यायालयातही गेला होता. दोन तरुणांच्या आत्मघाती कृत्याला जूडस प्रीस्ट या ब्रिटिश बँडच्या एका गाण्यातील सुप्त आदेश कारणीभूत झाला, असा दावा नेव्हाडा राज्यातील रीनो येथे १९९० साली चालला. न्यायाधीश जेरी व्हाइटहेड यांनी तो फेटाळला. आदेश म्हणून जे ऐकू येते असे सांगितले जात होते, तो गिटारचा ध्वनी आणि गायकाचा उच्छ्वास यांचा योगायोगाने झालेला मेळ होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र त्याच न्यायाधीशांनी आणखी एक भूमिका घेतली होती : श्रोत्याच्या नकळत त्याच्यापर्यंत पोचवलेल्या सुप्त संदेशाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मिळू शकत नाही. कारण जो संदेश ऐकणाऱ्याला तपासता येत नाही, तो विचारांच्या देवघेवीत सहभागीच होत नाही.

हा दंडक डेथ मेटलला लावला तर चित्र उलटे दिसते. सुप्त संदेश ऐकू येत नाही आणि तरीही परिणाम करतो, असा आरोप असतो. डेथ मेटलचे शब्द ऐकू येत नाहीत आणि म्हणूनच ते निरुपद्रवी आहेत, असा त्याच्या चाहत्यांचा बचाव असतो. शब्द हे येथे केवळ आवाजाचे साधन आहे, सतारीला नखी असावी तसे, असे ते म्हणतात. मिशेल फिलिपोव्ह यांनी आपल्या अभ्यासात (२०१२) याच अंगाने असे प्रतिपादन केले आहे की, या संगीताचा आस्वाद प्रामुख्याने ध्वनी आणि वादनतंत्र यांच्याशी निगडित असतो. आशयाचा नैतिक-राजकीय हिशेब मांडणारी समीक्षा त्या आस्वादापर्यंत पोचतच नाही.

मराठी सौंदर्यविचाराला हा बचाव परका नाही. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील ताण कलाविचाराच्या मध्यभागी आणला. चाहत्यांचा बचाव हा स्वायत्ततावादाच्या टोकाचा आहे : कृतीचे मूल्य तिच्या अंतर्गत रचनेत आहे, आणि लौकिक जीवनातील बऱ्यावाईटाचे निकष तिला लागू नाहीत. विरोधकांचा आक्षेप लौकिकतावादाच्या टोकाचा आहे : कत्तलीचा उच्चार हा कत्तलीचा गौरव आहे, आणि गौरव करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. जर्मनीत कॅनिबल कॉर्प्स या बँडला आपल्या पहिल्या तीन ध्वनिमुद्रिकांतील गाणी रंगमंचावर सादर करण्यास २००६पर्यंत मनाई होती, ती याच दृष्टीतून.

दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. स्वायत्ततावादी बचाव आवश्यकतेपेक्षा अधिक सिद्ध करून जातो. शब्द केवळ ध्वनीचे साधन असतील तर ते निरर्थक का नाहीत? फुलांची नावे, गणिताची सूत्रे अथवा रेल्वेचे वेळापत्रक त्याच घोगऱ्या आवाजात का उच्चारले जात नाही? ऐकू येणार नाही हे ठाऊक असूनही शब्द निवडले जातात, छापले जातात, आणि शीर्षक तर कोणत्याही आवरणावाचून मुखपृष्ठावर येते. निवड जेथे आहे तेथे निवडीचा जाबही आहे. लौकिकतावादी आक्षेपाचा दोष निराळा आहे. उच्चार म्हणजे संमती, असे तो धरून चालतो. परंतु 'सामूहिक विनाश' या शीर्षकात विनाशाला होकार आहे, नकार आहे, की नुसते नाव घेणे आहे, हे त्या शब्दांवरून ठरत नाही, आणि आवाज ते ठरू देत नाही. संमतीला बोलणारी व्यक्ती लागते. येथे ती पुसलेली आहे, हे वर पाहिलेच.

४

या कोंडीतून वाट काढण्यास बीभत्स रसाची चर्चा साह्यभूत ठरते. जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायिभाव. भरताने त्याचे भेद सांगितले, तेव्हा रुधिरादींनी होणारा क्षोभ आणि विष्ठा-कृमी इत्यादींनी होणारा उद्वेग यांत फरक केला. धनंजयाच्या 'दशरूपका'त तिसऱ्या, शुद्ध म्हणवल्या गेलेल्या बीभत्साचा संबंध वैराग्याशी जोडला आहे. भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकाच्या पाचव्या अंकात प्रेतभक्षक पिशाचांचे जे वर्णन आहे, ते मम्मटाने बीभत्साचे उदाहरण म्हणून घेतले. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात वार्धक्याने जीर्ण होणाऱ्या देहाचे चित्र येते, तेही जुगुप्सेच्या मार्गाने विरक्तीकडे नेण्यासाठी. या परंपरेत किळस ही कोठेतरी पोचवणारी वाट आहे. ती मुक्कामाची जागा नाही.

पाश्चात्त्य परंपरेत याविषयी अधिक साशंकता दिसते. प्रेतासारख्या ज्या वस्तू प्रत्यक्षात पाहणे क्लेशकारक असते, त्यांची हुबेहूब चित्रे आनंद देतात, हे ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'च्या चौथ्या प्रकरणात नमूद केले. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधील लिऑन्टियस मात्र वधस्थानाजवळ पडलेली प्रेते पाहण्याच्या इच्छेशी झगडतो आणि अखेर हरून स्वतःच्या डोळ्यांनाच दूषणे देतो. कांटने तर येथे मर्यादाच आखली. त्याच्या मते इतर सर्व कुरूप गोष्टी कलेत सुंदर होऊ शकतात; किळसवाणे तेवढे होऊ शकत नाही. कारण किळसवाणी वस्तू जणू आस्वादासाठी अंगावर येते आणि आपण तिला दूर लोटत असतो. त्यामुळे प्रतिमा आणि प्रत्यक्ष वस्तू यांतील अंतरच नाहीसे होते.

प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेने कांटला खोटे पाडले, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु तो आवरणे बरे. ही ध्वनिमुद्रिका ऐकताना किळस येते काय, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर उत्तर 'नाही' असेच येईल. किळस शीर्षकात आहे, छापील शब्दांत आहे, ध्वनीत नाही. अनभ्यस्त श्रोत्याला ध्वनीतून भीती, ताण अथवा राग जाणवेल. अभ्यस्त श्रोत्याचा अनुभव वेगळाच असतो. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे विल्यम थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या संगीताचे चाहते सामर्थ्य, आनंद आणि विस्मय यांसारख्या भावांचा उल्लेख करतात असे दिसून आले. त्याच गटाच्या २०१९च्या प्रयोगात चाहत्यांची हिंसक दृश्यांविषयीची संवेदनशीलता बोथट झाल्याचे आढळले नाही. अशा प्रयोगांनी नैतिक प्रश्न सुटत नाही. 'हे ऐकून माणूस क्रूर होतो काय' हा एक प्रश्न, आणि 'हे ऐकण्यासारखे आहे काय' हा दुसरा. परंतु त्यांनी प्रश्नाची जागा नेमकी दाखवली आहे. शीर्षक जुगुप्सेचे वचन देते. ध्वनी देतो तो उत्साह. रसविचाराच्या भाषेत, विभाव बीभत्साचे आणि स्थायी वीराचा, असा हा विजोड संयोग आहे.

नैतिक अडचण खरी येथे आहे. किळस उत्पन्न करणारी कृती फार तर असह्य ठरेल. पण सामूहिक विनाशाच्या नावाखाली उत्साह उत्पन्न करणारी कृती संशयास्पद ठरते, कारण माणसांना मारावयास निघालेल्या सैन्यापुढेही उत्साहाचेच संगीत वाजत आलेले आहे. वेग, एकसमान आघात, जड पावलांची लय ही सारी रणवाद्यांची सामग्री आहे. तेव्हा या ध्वनिमुद्रिकेचा उत्साह रणवाद्यांच्या उत्साहाहून कशाने वेगळा होतो, हे सांगता आले नाही तर तिची बाजू घेता येणार नाही.

५

याचे उत्तर साधारणीकरणाच्या कल्पनेत सापडण्याची शक्यता आहे. भट्टनायकाने ती मांडली, अभिनवगुप्ताने तिला आपल्या रीतीने विकसित केले, आणि मम्मटाने तिचा सारांश मोजक्या शब्दांत दिला. आस्वादाच्या क्षणी विभावादी माझे आहेत, शत्रूचे आहेत की तटस्थाचे आहेत, यांपैकी कोणताही संबंध निश्चित स्वीकारला जात नाही आणि नाकारलाही जात नाही, असे त्याचे तात्पर्य आहे. अभिनवगुप्ताने रसाची जी विघ्ने सांगितली, त्यांत 'हे माझे', 'हे दुसऱ्याचे' अशा नियत बोधाचा समावेश आहे. बीभत्साच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो : छिन्न देह कोणाचा आहे, हे ठरले की रस संपतो. देह माझ्या माणसाचा असेल तर शोक होईल. शत्रूचा असेल तर सूडाचे समाधान. तटस्थाचा असेल तर उदासीनता. देह अनाम असेल तरच तो देह म्हणून, म्हणजे ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या देहासह सर्वांचा देह म्हणून, समोर येऊ शकतो.

रणवाद्य नेमके हेच होऊ देत नाही. त्याच्या उत्साहाला शत्रूचे नाव लागते. प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकांत असे नाव नाही. त्यांत स्त्री नाही, पुरुष नाही. वंश, राष्ट्र वा जमात नाही. विनाश आहे, कोणाचा ते नाही. कत्तल आहे, ती करणाऱ्याच्या इच्छेनेही झालेली नाही. उत्साह आहे, पण त्याला जाण्यासाठी रस्ता दिलेला नाही. तो लयीतच फिरतो आणि लयीतच संपतो.

अभिनवगुप्ताच्याच यादीतील आणखी एक विघ्न येथे आक्षेप म्हणून पुढे येईल. प्रतीतीच्या साधनांची उणीव आणि स्पष्टतेचा अभाव यांनाही तो विघ्न मानतो. शब्दच कळत नसतील तर विभावांची प्रतीती कशी होणार, आणि रस कोठून येणार? आक्षेप योग्य आहे. शब्द हे येथे विभाव असते तर तो निर्णायकही ठरला असता. परंतु या कृतीत विभावाचे कार्य शब्दांकडून काढून घेऊन आवाजाकडे सोपवले आहे. अस्पष्टता ही प्रतीतीतील उणीव नसून प्रतीतीचा विषयच आहे : माणसाचे बोलणे माणसाच्या देहात परत बुडते आहे, ही येथील घटना. त्या घटनेपुरती स्पष्टता पुरेपूर आहे.

यातून एक निकष हाती येतो, आणि तो या ध्वनिमुद्रिकेपुरता मर्यादित राहत नाही. हिंसेच्या कलेची नैतिक कसोटी हिंसेचे प्रमाण ही नव्हे. हिंसेचा बळी कोण आहे आणि ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला त्या बळीच्या जागी स्वतःला ठेवता येते काय, ही होय. या कसोटीवर डेथ मेटलमधील पुष्कळ काही उतरत नाही. कॅनिबल कॉर्प्सच्या १९९२ सालच्या 'टूम ऑफ द म्यूटिलेटेड'मधील काही शीर्षके स्त्रीदेहाचा नामनिर्देश करून त्याच्यावरील लैंगिक हिंसा मांडतात, आणि ही वाट पुढे इतरांनीही धरली. तेथे साधारणीकरण मोडते. श्रोत्यांतील काहींना तो देह 'दुसऱ्याचा' म्हणून मिळतो आणि काहींना 'माझा' म्हणून भोगावा लागतो. आवाज कितीही दुर्बोध असो, शीर्षकाने आपले काम केलेले असते. कारण बळी ज्या समूहातून निवडला, त्या समूहावर प्रत्यक्ष जगात तीच हिंसा होत असते. न उमगणारा उच्चार येथे बचाव होऊ शकत नाही. तो आडोसा होतो. एकाच संगीतप्रकारातील, एकाच स्टुडिओत मुद्रित झालेल्या, जवळजवळ समान तंत्राच्या दोन ध्वनिमुद्रिका नैतिक दृष्ट्या वेगळ्या ठरू शकतात, हे तंत्राच्या चर्चेतून कधीच दिसले नसते.

६

या प्रतिपादनाविरुद्ध सर्वांत गंभीर आक्षेप अद्याप विचारात घ्यावयाचा आहे. अनामता हा गुण कसा? चेहरा नसलेला बळी ही तर प्रत्येक नरसंहाराची पूर्वअट असते. मारणारा प्रथम नाव काढून घेतो, मग संख्या देतो, मग मारतो. मृतांना त्यांची नावे परत देणे हे विसाव्या शतकाच्या अनुभवानंतर साहित्याने पत्करलेले एक कर्तव्य आहे. दलित आत्मकथनांनी मराठीत जे केले तेही नाव आणि देह यांची फारकत नाकारण्याचेच काम होते. अशा स्थितीत 'कोणाचाही नसलेला देह' कलेत आणणे म्हणजे मारणाऱ्याच्या दृष्टीने पाहणे नव्हे काय?

हा आक्षेप पूर्णपणे निकालात काढता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र त्यात एक भेद करावा लागतो. नरसंहारात बळीचा चेहरा पुसला जातो, मारणाऱ्याचा नव्हे. मारणारा नाव, हुद्दा, गणवेश आणि आज्ञापत्र यांसह उभा असतो. त्याची भाषा स्पष्ट, किंबहुना कारकुनी स्पष्टतेची असते. येथे उलट आहे. ज्याच्या मुखात विनाशाचे शब्द घातले आहेत त्याचीच भाषा प्रथम नष्ट झालेली आहे. या आवाजाला मारणाऱ्याचा म्हणावे तर त्याला आज्ञा देता येत नाही. मरणाऱ्याचा म्हणावे तर त्याला आक्रोश करता येत नाही. तो दोघांपैकी कोणाचा, हे ठरवता न येणे हीच त्याची स्थिती आहे. न. चिं. केळकरांनी आस्वादाला 'सविकल्प समाधी' म्हटले, तेव्हा वाचक आपले भान राखून दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो हे त्यांना सांगावयाचे होते. येथे शिरण्यास मारणाऱ्याची भूमिकाच उपलब्ध नाही. श्रोत्याला खुर्ची मिळते, पण ती न्यायाधीशाची नाही आणि जल्लादाचीही नाही.

तरीही शिल्लक उरते. अनाम देहाविषयी शोक करता येत नाही, आणि ही ध्वनिमुद्रिका शोक करीतही नाही. तिच्या नावात विस्मृतांची प्रतिमा उभारण्याचा उद्गार आहे. परंतु प्रतिमा उभारली म्हणून विस्मृती सरत नाही. कोणाची आठवण ठेवावयाची हे त्या प्रतिमेला ठाऊक नसते. अखेरच्या रचनेला जे बायबलवचन नाव म्हणून दिले आहे, त्याचा मूळ प्रसंग याच्या नेमका उलट आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू रडतो तो लाझरस या नाव असलेल्या, घर असलेल्या, बहिणी असलेल्या एका मित्राच्या मृत्यूने. रचनेचा हेतू त्या शोकाला जवळ करण्याचा असेल वा त्याची टर उडवण्याचा; शीर्षकाने मात्र नकळत आपल्याच मर्यादेवर बोट ठेवले आहे. अश्रूला नाव लागते. जेथे नाव नाही तेथे सर्वांच्या नश्वरतेचे भान येऊ शकेल. कोणा एकाच्या जाण्याचे दुःख येणार नाही.

७

तेव्हा निष्कर्ष दुहेरी आहे. 'एफिजी ऑफ द फरगॉटन' ही कृती क्रौर्याचा गौरव करते हा आरोप टिकत नाही. तिच्यात गौरव करणारी व्यक्ती नाही, ज्याच्या पराभवाचा आनंद घ्यावा असा शत्रू नाही, आणि तिचा उत्साह कोणावरही रोखलेला नाही. त्याचबरोबर ती केवळ ध्वनिरचना आहे, तिला नैतिक निकष लागूच नाहीत, हा बचावही टिकत नाही. तिची निर्दोषता तिच्या दुर्बोधतेतून आलेली नाही. बळी कोणाला करावयाचे याविषयी तिच्या शीर्षकांनी जो संयम पाळला, त्यातून ती आली आहे. हा संयम हेतुपूर्वक होता की प्रकाराच्या आरंभकाळातील योगायोग, हे येथे गौण आहे. कृतीची जबाबदारी कृतीत जे आहे त्यावरून ठरते. ज्यांनी तो सोडला, त्यांना हेच तंत्र, हाच वेग आणि हाच घोगरा आवाज वाचवू शकला नाही.

वादनकौशल्याविषयीही येथेच स्पष्ट बोलले पाहिजे. या संगीताच्या समर्थनार्थ त्यातील मेहनतीचा दाखला नेहमी दिला जातो, आणि ती मेहनत खरी आहे. परंतु उत्तम घडवलेले शस्त्र हे उत्तम घडवलेले असते म्हणून निरुपद्रवी होत नाही. कौशल्याने कृती लक्ष देण्यास पात्र ठरते. निर्दोष ठरत नाही.

समीक्षेने यातून घ्यावयाचा बोध असा की, आशय आणि घाट यांतील एक बाजू निवडून मोकळे होण्याची सोय अशा कृती ठेवीत नाहीत. आशयवादी समीक्षक शब्द वाचतो, आणि त्याला आवाज ऐकू येत नाही. घाटवादी समीक्षक आवाज ऐकतो, आणि मुखपृष्ठावर छापलेले नाव त्याला दिसत नाही. कृती मात्र दोन्हींच्या मध्ये, नाव आणि ध्वनी यांच्या विजोड संयोगात असते. तिला जाब विचारावयाचा तो तेथेच : तू ज्याचे नाव घेतलेस तो देह कोणाचा, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला तू त्यातून वगळलेस? 'कोणालाही वगळले नाही' असे उत्तर ज्या कृतीला देता येते, तिचे भीषणपण सोसण्यास हरकत नसावी. ज्या कृतीला ते देता येत नाही, तिचे शब्द ऐकू आले काय किंवा न आले काय, फरक पडत नाही.